लाल लोकरीची रेघ

कपड्यावरचा डाग बघून मी माणसाचा दिवस सांगू शकते. हे काही ज्योतिष नाही. वीस वर्षं लोकांचे कपडे धुऊन इस्त्री करतेय, तेवढं तर यायलाच हवं. बाहीवर शाई म्हणजे ऑफिसात कोणीतरी घाई केली. खिशाखाली चहाचे थेंब म्हणजे सकाळी घरात भांडण झालं आणि चहा उभ्याउभ्या प्यावा लागला.

त्यामुळे भिंगरीने त्या संध्याकाळी शाळेतून आल्या आल्या शर्ट काढून मळक्या कपड्यांच्या पार तळाशी कोंबला, तेव्हाच मला संशय आला. ती हातपाय धुवायला गेल्यावर टोपली उपसली आणि शर्ट टेबलावर पसरला. छातीवर, या काखेपासून त्या काखेपर्यंत, काडीएवढी बारीक लाल रेघ होती. कच्चा रंग. लोकरीचा.

भिंगरी माझ्या भावाची मुलगी. भाऊ ट्रक चालवतो, महिन्यातून दोनदा घरी येतो. वहिनी गेली तेव्हा ही तीन वर्षांची होती, तेव्हापासून माझ्याकडेच आहे. पाय जमिनीवर ठरत नाहीत म्हणून मीच तिचं नाव भिंगरी ठेवलं, आणि आता शाळेतसुद्धा तेच चालतं. मला मात्र अख्खी गल्ली आत्याच म्हणते, माझ्याहून दहा वर्षांनी मोठा न्हावीसुद्धा.

त्या दिवशी शाळेच्या शर्यती होत्या. मुलींच्या दोनशे मीटरमध्ये जी पहिली येईल ती एकटीच पुढे, सगळ्या शाळांच्या मोठ्या स्पर्धेला जाणार होती. भिंगरी सहा महिने पहाटे उठून धावत होती. पुढच्या वर्षी तिचं वय बसत नव्हतं. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

“दुसरी आले,” ती टॉवेलमध्ये तोंड घालून म्हणाली.

“मग ही रेघ कसली?”

तिने टॉवेल खाली केला आणि शर्टाकडे पाहिलं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शेवटच्या रेषेवर आडवी लाल लोकर धरली होती. सकाळी मैदानावर पाणी मारलं, त्यात ती लोकर पडून भिजली होती. ती छातीने तोडली भिंगरीने. एक पाऊल मागून वकीलसाहेबांची मुलगी आली. आणि मंचावरून मोठ्या सरांनी, म्हणजे हेडमास्तरांनी, माइकवर वकीलसाहेबांच्या मुलीचं नाव पहिलं घेतलं.

“कोणी काही बोललं नाही?”

“सगळ्यांनी पाहिलं, आत्या. खेळाच्या बाईंच्या तर हातात लोकर होती. त्यांनी खाली बघितलं.”

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. हे काही पहिल्यांदा होत नव्हतं. वर्गाची मॉनिटर वकीलसाहेबांचीच मुलगी, भाषणाला तीच, नाटकात राणी तीच. पहिल्या बाकावरची जागा तर तिच्यासाठी जणू रंगवूनच ठेवलेली. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे मला माहीत होतं. पण ते घरात चालतं. शाळेत तर सगळीच दुसऱ्याची असतात.

“चल, हा शर्ट घेऊन आत्ताच्या आत्ता सरांकडे जाऊ.”

“नको ना. धुऊन टाक तो. उद्या प्रार्थनेला सर गणवेश बघतात. डाग दिसला तर बाहेर उभं करतील, आणि माझा दुसरा शर्ट आखूड झालाय.” मग म्हणाली, “सगळ्यांच्या देखत दोनदा नको.”

ते वाक्य मला लागलं. जवळ घेतलं तिला. ती माझ्या खांद्यापर्यंत आली होती. कधी आली, कळलंच नव्हतं.

पण मी ऐकणारी बाई नाही. मोठ्या सरांचे चार शर्ट तयारच होते, ते पोचवायचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर त्यातल्या पांढऱ्या शर्टाच्या पाठीवर इस्त्री ठेवून दोन मिनिटं विसरून जावं, असंही मनात आलं. पण शर्टाचा काय दोष? घडी घातली, भिंगरीचा शर्ट वर ठेवला आणि निघाले.

सर वह्या तपासत बसले होते. माणूस वाईट नाही, हे मला कबूल करावं लागतं. उठून खुर्ची दिली. मी शर्ट पसरला.

“डाग पडलाय,” सर म्हणाले. “थंड पाण्यात भिजवा. गरम पाण्यात पक्का होईल.”

मला! डागाचं! मी गिळून टाकलं आणि लोकरीची सगळी हकिगत सांगितली. “जिने तोडली तिच्याच शर्टाला रंग लागणार, सर. हातच्या काकणाला आरसा कशाला?”

“दोघी जवळजवळ बरोबरच होत्या. मला मंचावरून जे दिसलं ते मी सांगितलं.”

“मंचावर तुमच्या शेजारी वकीलसाहेब बसले होते.”

सरांनी पेनाचं टोपण लावलं. “नव्या वर्गांची जागा कोर्टात अडकली होती. ती त्यांनी सोडवून दिली. त्याआधी तीन वर्षं मुलं व्हरांड्यात बसत होती. तुमची भिंगरीही बसत होती, आठवतं?”

“आठवतं.”

“आता वर्गात बसते. म्हणजे त्यात तिचाही फायदाच झाला ना?”

चुकीच्या गोष्टीला एवढी नीट इस्त्री केलेली मी तरी पाहिली नव्हती. वकीलसाहेबांनी काही मागितलं होतं का, एवढंच विचारलं. सर म्हणाले, “ते कशाला मागतील? आपल्याला कळायला नको?” आणि दारापर्यंत सोडायला आले. “उद्या शर्ट तेवढा स्वच्छ करून पाठवा.”

परत आले तेव्हा रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागले होते. दुकानाच्या पायरीवर वकीलसाहेबांची मुलगी उभी होती. त्यांच्याकडचे कपडे एरवी ड्रायव्हर आणतो. वकीलसाहेबांचे काळे कोट, पडदे, चादरी. आज हिच्या हातात एकच पिशवी होती. मनात म्हटलं, आता हिचा शर्टही मीच चकाचक करायचा, उद्या प्रार्थनेनंतर मेडल घ्यायला!

“दुकान बंद झालंय,” मी म्हणाले. शटर सताड उघडं होतं.

“आत्या, कपडे द्यायचे नाहीत. फक्त बघायचंय.” तिने पिशवीतून शाळेचा शर्ट काढला. “याच्यावर लाल रेघ आहे का? मला दिसत नाहीये. पण तुम्हाला दिसतात ना, आम्हाला न दिसणारे डाग?”

मी तिच्याकडे पाहिलं. घाबरलेली होती.

“तुला कशाला हवी रेघ?”

“शेवटी मी डोळे मिटून पळते. लहानपणापासूनच सवय आहे. लोकर मला लागली की नाही, मला माहीतच नाही. सगळे म्हणाले, पहिली आलीस.” ती थांबली. “सगळे नेहमीच म्हणतात. निबंधातही, गाण्यातही. मुली मला पहिला नंबर म्हणूनच हाक मारतात. मला गाता येत नाही, आत्या. खरंच नाही येत. तरी पहिली.”

मघापासून माझ्या मनात हिच्याबद्दल जे काय चाललं होतं, त्याची मला लाज वाटली. तेरा वर्षांचं पोर ते. या शाळेने भिंगरीचं एक बक्षीस काढून घेतलं होतं, आणि हिची तर सगळीच.

मी मोठा दिवा लावला, टेबलावरच्या घोंगडीवर तिचा शर्ट पसरला आणि छातीवरून बोट फिरवत शिवण न शिवण तपासली. चुकून एखादा लाल धागा सापडावा, असं क्षणभर मलासुद्धा वाटलं, इतकी ती श्वास रोखून उभी होती. काही नव्हतं. घाम, धूळ आणि खिशाशी पेन्सिलीचा ठिपका. मग मी बगलेतला भिंगरीचा शर्ट काढून त्याच्या शेजारी ठेवला.

तिने रेघेवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोट नेलं.

“मग मी कितवी?”

“भिंगरीच्या एक पाऊल मागे होतीस. बाकीच्या कुठच्या कुठे.”

“म्हणजे दुसरी? नक्की दुसरी?”

“नक्की.”

ती रडेल असं मला वाटलं होतं. डोळे भरलेही होते. पण ती हसली. “दोनशे मीटरमध्ये दुसरी,” ती स्वतःशीच म्हणाली, आणि बोटांवर मुली मोजायला लागली. “अठ्ठावीस जणी होतो. सव्वीस मागे!”

मग तिने जे मागितलं, ते ऐकून मी चाटच पडले. भिंगरीचा शर्ट उद्यापर्यंत धुवायचा नाही, तो तिला द्यायचा. आणि भिंगरीने उद्या हिचा शर्ट धुऊन घालायचा. दोघींचं माप एकच.

आता सांगा. पुरावा म्हणून एवढी एकच वस्तू आमच्या हातात, आणि ती जिच्याविरुद्ध तिलाच द्यायची? चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! शेजारीण ऐकती तर तिने मला वेड्यातच काढलं असतं.

“तुझे बाबा रागावतील,” मी म्हणाले.

“रागावतील. पण त्यांना माहीत नाही. शर्यतीच्या वेळी ते फोन बघत होते.”

मी आत हाक मारली. भिंगरी पडद्याआडच उभी होती, सगळं ऐकत. बाहेर आली. दोघी एकमेकींकडे बघेनात. एका वर्गात आठ वर्षं, आणि आपसात बोलणं नाही.

“देऊ का गं?” मी विचारलं. “शर्ट तुझा आहे.”

भिंगरी एका पायाच्या अंगठ्याने फरशी खरवडत राहिली. मग म्हणाली, “दे. ती शेवटी डोळे मिटते, हे खरं आहे. मी पाहिलंय.”

दुसऱ्या दिवशी मी दुकान उघडलंच नाही. शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. शिपायाने कशाला आलात विचारलं, तर म्हटलं, उन्हाला. रात्रीत त्या पोरीचं मन बदललं असेल, किंवा घरी कोणी बदलायला लावलं असेल, तर आम्ही संपलो.

प्रार्थना झाली. मोठे सर रांगांमधून गणवेश बघत फिरले. माझ्या हातचाच पांढरा शर्ट घातला होता त्यांनी. भिंगरीपाशी थांबले, तिचा स्वच्छ शर्ट पाहिला, फाटकाकडे बघून मला मान डोलावली. बाई शहाणी झाली, असं वाटलं असणार.

मग बक्षिसं सुरू झाली. नाव पुकारल्यावर वकीलसाहेबांची मुलगी मंचावर गेली. हातात कागदाचं पुडकं. ते सोडलं, आणि आम्ही डाग बघायला धरतो तसा दोन्ही खांद्यांना पकडून शर्ट सगळ्यांसमोर धरला.

“सर, हा भिंगरीचा शर्ट आहे. लोकर तिने तोडली. तिने घातलाय तो माझा. त्याच्यावर रेघ नव्हती.” आवाज कापत होता, पण माइकमुळे मला फाटकापर्यंत ऐकू आला. “मी दुसरी आले.”

“बाळ, तू खाली जा. आपण नंतर बोलू.”

ती गेली नाही. शेवटी खेळाच्या बाई पुढे आल्या. “लोकरीचं एक टोक माझ्या हातात होतं, सर. भिंगरीच पहिली. मी कालच बोलायला हवं होतं.”

मोठे सर हातातल्या मेडलकडे बघत राहिले. मग माइकपाशी येऊन म्हणाले, “माझी नजरचूक झाली.” नजर चुकली नव्हती, वळली होती. पण तेवढ्यावरून मी भांडत बसले नाही. कारण माझी भिंगरी तेव्हा मंचाकडे चालत निघाली होती. धावत नव्हती, चालत होती. मला समोरचं नीट दिसेना, तेव्हा कळलं, मी रडतेय.

दुसऱ्या नंबराला मेडल नव्हतं, नुसतं प्रमाणपत्र. त्यावर भिंगरीचं नाव आधीच लिहिलेलं होतं. सरांनी तिथेच पेन काढून ते खोडलं आणि बाजूला दुसरं लिहिलं.

पुढे तीन आठवडे मोठ्या सरांचे शर्ट माझ्याकडे आले नाहीत. चौथ्या आठवड्यात आले, कॉलरी पार वाकड्या होऊन. मी त्या सरळ करून दिल्या.

पण ते नंतरचं. त्याच संध्याकाळी भिंगरी मागच्या गल्लीत सरावाला पळत होती आणि मी तिचा शर्ट थंड पाण्यात घालायला घेतला होता, तेवढ्यात वकीलसाहेबांची मुलगी पुन्हा पायरीवर आली. मूठ घट्ट मिटलेली. मूठ उघडली तर आत ते प्रमाणपत्र, चुरगळून गोळा झालेलं.

“दिवसभर हातातच होतं,” ती म्हणाली. “बाबा खूप बोलले, तेव्हाही. याला इस्त्री करता येईल का?”

मी इस्त्रीचा ताप अगदी कमी केला. घोंगडीवर कागद सरळ केला. त्यावर भिंगरीचं खोडलेलं नाव होतं आणि बाजूला घाईत कोंबलेलं हिचं. वर मऊ फडकं घातलं.

“घरी कपाटभर आहेत ना गं तुझ्याकडे, मेडल नि काय काय?”

“त्यातली खरी कुठली, ते मला माहीत नाही.” तिने टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली होती. मी इस्त्री उचलली, तशी ती पुढे झुकली. “सांभाळून हं, आत्या. हे माझं आहे.”