अभिमनरावांचं गुजरातपुराण

आपल्याच गावाला नावं ठेवण्यात आपण खानदेशी माणसं मोठी पटाईत! जळगावच्या मेहरूणमधले अभिमनराव पाटील तर त्यातले उस्ताद. मुलगी दिपमाला आणि तेजस धुळ्याला कृषी महाविद्यालयात एकत्र शिकले, एकमेकांना पसंत पडले. तेजस पांझरा नदीकाठच्या आपल्या गावी शेती करतो. एवढंच अभिमनरावांना खुपत होतं. थोरल्या बहिणीचा, लताबाईंचा शब्द मोडवेना म्हणून ते दोघींना घेऊन मुलाचं घर बघायला निघाले, पण नकार मनात ठरलेलाच होता.

गेल्या वर्षी हा माणूस चार दिवस गुजरात फिरून आला आणि तेव्हापासून जणू तिथेच जन्मल्यासारखा बोलतो. पारोळं आलं तरी गाडीत तेच पुराण.

"जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत घासतात, माहितीय? समुद्रकिनारा देशात सगळ्यात लांब! आणि आपल्याकडे काय? ऊन, धूळ आणि वांग्याचं भरीत!"

दिपमालाचे डोळे भरून आले. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

लताबाईंनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवलेला. त्यांनी विचारलं, "अभिमन, सुरत कोणत्या नदीवर आहे रे?"

"असेल कोणती तरी."

"तापी! आपल्या केळीला पाणी पाजून तीच पुढे सुरतेला जाते. बऱ्हाणपूरहून सुरतेच्या बंदराकडे जाणारा व्यापारी रस्ताही याच खोऱ्यातून होता. गुजरात मोठा आहेच, खुशाल कौतुक कर. पण त्यासाठी स्वतःच्या अंगणात थुंकायलाच हवं का?"

"अक्का, जुनं उगाळू नकोस. आज काय आहे ते दाखव!"

गावात पोचल्यावर चहाचा कप हातात घेऊन अभिमनरावांनी तेजसच्या आजोबांना, कौतिक आबांना, तोंडावर विचारलं, "शेतीला पाणी तरी आहे का इथे? की आभाळाकडे बघत बसायचं?"

तेजस उठला आणि सगळ्यांना बंधाऱ्यावर घेऊन गेला. नदीतून निघालेला पाट वळणं घेत शेतांत शिरत होता.

"ही आमची फड पद्धत," तो म्हणाला. "गावाच्या जमिनीचे मोठे तुकडे पाडलेत, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांचं पीक एकच. पाणी कसं फिरवायचं ते गाव मिळून ठरवतं."

"आणि पाणी कमी पडलं की शेवटचा बसतो बोंबलत!" अभिमनराव हसले.

"नाही काका. प्रत्येक फडात प्रत्येकाची थोडी जमीन असते. पाणी कमी असलं तर एक अख्खा फड पडीक ठेवतो. झळ बसते ती सगळ्यांना सारखी. एकट्याचं पीक वाळत नाही."

लताबाई म्हणाल्या, "शेकडो वर्षं चालत आलंय हे, अभिमन. बघायला जगभरची माणसं येतात. तू दोन-अडीच तासांच्या रस्त्यावर राहतोस आणि तुला पत्ता नाही!"

अभिमनराव वाकून पाटातलं पाणी बघू लागले. तेवढ्यात आबा अहिराणीत बोलले, "पोर आमले पसंत शे. पन ज्या बापले आपली मातीनी लाज वाटस, त्याना घरशी सोयरीक करानी का?"

अरे देवा! नकार द्यायला आलेल्या माणसालाच नकार मिळायची वेळ आली! दिपमालाचा चेहरा पांढरा पडला. बापाने तो पाहिला, आणि पहिल्यांदाच त्याला कळलं की आपल्या जिभेची किंमत पोरगी मोजणार आहे.

"मनी चूक व्हयनी, आबा," अभिमनराव हात जोडून म्हणाले. "पोरनी पसंती तीच मनी पसंती."

दिपमाला चकित होऊन बघतच राहिली. बापाच्या तोंडून अहिराणी तिने जन्मात ऐकली नव्हती! आबांनी अभिमनरावांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सुपारी फुटली.

मंडळी, दुसऱ्याचं राज्य जरूर बघा, तिथलं चांगलं शिकून या. पण आपल्या मातीची टिंगल करून कुणी शहाणा ठरत नाही, उलट घरातलीच माणसं दुखावतात. अभिमनरावांना हे वेळेवर उमगलं. नाहीतर त्यांच्या पोकळ ऐटीपायी सोन्यासारख्या पोरीचा संसार मांडण्याआधीच मोडला असता!