टोपीखालची अळी

वेबसाइटी उभारायच्या तयार सांगाड्याला आमची पोरं फ्रेमवर्क म्हणतात. आमच्या सांगाड्याचं नाव मचाण. फुकट, उघडं; कुणीही घ्यावं, कुणीही दुरुस्त करावं. सावद्याहून केळीच्या गाड्या सुटतात, त्यांची नोंद होते ती साइट मचाणवरच उभी आहे. ते बांधणारा कौतिक नोकरीला लागला आणि तीन वर्षं फिरकला नाही. मग माझ्या पुतण्याच्या मुलीने, दिपमालाने, जळगावात बसून ते पुन्हा जिवंत केलं आणि पाच जणांची समिती केली. पाचवा मी. कोड मला कळत नाही, पण मराठी माहितीपुस्तिका माझी. ती वाचून पहूरच्या एका म्हशीने स्वतःच्या दुधाची साइट काढली, असं प्रस्तावनेतच लिहिलं आहे.

किल्ली मात्र एकट्या दिपमालाकडे. नवा कोड आत घ्यायचा तर तिनेच. दोन महिन्यांवर तिचं बाळंतपण. तोवर दुसरा किल्लीवाला मिळाला नाही तर मचाण पुन्हा बंद.

उमेदवार एकच, धुळ्याचा भूपेंद्र. कुणी पाहिलेला नाही. चार महिन्यांत दोनशे दुरुस्त्या, आणि मागणं काहीच नाही.

"फुकट एवढं राबणारा माणूस मी दोनदा पाहिला," मी म्हणालो, "दोन्ही वेळा घरातली भांडी गेली."

"नाना, तुम्हीपण फुकटच करता ना?"

"म्हणून तर सांगतोय, दिपा!"

शेवटी ठरलं, पारोळ्याला भरीत पार्टी करू, माणूस तरी बघू. वांगी मी नेली. त्यात एक किडकं मुद्दाम घातलं. भोक देठाच्या टोपीखाली, ब्रह्मदेवालाही दिसू नये असं. म्हटलं, किल्लीवर डोळा असेल तर गडी गोड बोलेल, नानांच्या वांग्यांची तारीफ करेल.

भूपेंद्र आला, हातपाय धुतले, आणि कापसाच्या पऱ्हाट्या पेटायच्या आत एकेक वांग्याची टोपी नखाने उचलून बघू लागला. सगळ्यांसमोर! माझी वांगी!

"हाई किडेल शे. कोणी आनं?"

"मी. समितीचा सभासद आहे मी. मत आहे मला."

"मत ऱ्हाऊ द्या, नाना. अळी बी शे."

सगळे खो खो हसले. दिपमाला मात्र माझ्याकडे रोखून बघत होती. "नाना, मुद्दाम?"

मी लाकडी बडगीतल्या मिरच्या जोरजोरात कुटू लागलो.

किल्लीसाठी हात वर करायची वेळ आली तेव्हा पहिला हात माझा. माझं मत लागत असूनही माझ्याच वांग्यात अळी दाखवणारा चोर मी तरी पाहिलेला नाही.

आठव्या दिवशी माझी पुस्तिका परत आली. दोन वर्षं दिपमाला ती न वाचताच आत घेत होती, नानांची म्हणून. भूपेंद्रने समासात लिहिलं होतं: "मचाण डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू होतं, असं म्हटलंय. अकरा मिनिटं लागतात. आणि नाना, म्हशीचा पुरावा जोडा."

उद्या सकाळच्या गाडीने पहूरला जातो आहे.