फळीवरचं आडवं भोक

बार उडाला, धूर विरला आणि जमलेल्या साऱ्या वस्तीच्या तोंडून एकदम "आमेन!" निघालं. पानगळीपासून एका हरणालाही न शिवलेल्या हायरमच्या बंदुकीनं फळीवरचा कोळशाचा ठिपका बरोबर मध्ये फोडला होता. बंदूक हायरमचीच, गोळी मात्र फिरता उपदेशक बंधू क्रेकची. चांदीची, मंतरलेली.

"बघितलंत?" क्रेकनं टोपी छातीशी धरली. "तुमच्या बंदुकांवर चेटूक आहे. माझी चांदी ते तेवढ्यापुरतं फोडते. पण चेटकीण डोळ्यांसमोर आहे तोवर तुमचं शिसं हरणाला लागायचं नाही. आणि चांदी काय माझ्याकडे झाडाला लागते होय?"

झाडाला लागत नव्हती. पण एकेका गोळीमागे घराघरांतलं उरलंसुरलं खारं मांस त्याच्या खेचरावर चढत होतं. लोक उपाशी होते आणि वर त्याचेच आभार मानत होते.

चेटकीण कोण, तेही त्यानं सांगून टाकलं होतं: विधवा, डाव्या डोळ्यात फूल पडलेली. अशी बाई वस्तीत एकच होती. ऑर्फा, साऱ्या डोंगराची सुईण. सूर्य मावळायच्या आत तिनं खिंड ओलांडायची, असं ठरलं. खिंडीत कमरेएवढं बर्फ होतं आणि पलीकडे कित्येक कोस घर नव्हतं. ही नुसती हकालपट्टी नव्हती, मरण होतं, आणि ते प्रत्येकाला कळत होतं.

"मावशी, माझा नाइलाज आहे," हायरम मान खाली घालून म्हणाला. "पोरं दोन दिवस मक्याच्या पेजेवर आहेत."

"अरे, तुझी पोरं याच हातांवर आली ना?"

"म्हणूनच तुझ्या घराला चेटूक लागलं!" मागून कुणीतरी बाई ओरडली.

ऑर्फाची लेक डेल्फिया वस्तीतल्या पोरांना शिकवायची. तिनं क्रेकचे पाय धरले. "आईच्या जागी मी जाते. तिला राहू द्या."

"पोरी, चेटूक तुझं नाही. तुझं जाणं फुकट." क्रेकचा आवाज लोण्यासारखा होता.

घरी ती आईचं गाठोडं बांधू लागली. ऑर्फानं फडताळातून एक लोखंडी चिमटा काढून गाठोड्यात टाकला. गोळ्या ओतायचा साचा.

"हे ओझं कशाला, आई?"

"तुझ्या बापाची आठवण. बंदूक विकली, हा राहिला."

डेल्फिया त्या साच्याकडे बघतच राहिली. त्यातून गोल गोळी निघे. पूर्वी लोहार बंदूक देताना तिच्या मापाचा असा साचा सोबत देई. पानगळीत एक फेरीवाला आला आणि जुने गोल साचे घेऊन शहरी नेमबाजांच्या लांब गोळीचे नवे साचे देऊन गेला. जड गोळी, हरीण जागच्या जागी आडवं, म्हणे! सगळ्यांनी बदलून घेतले. घरात बंदूकच नव्हती म्हणून फक्त ऑर्फाचा साचा राहिला. आणि नेम चुकू लागले तेही पानगळीपासूनच!

ती धावत फळीपाशी गेली. क्रेकचं भोक गोल होतं. लोकांची भोकं भलतीकडे आणि आडवी, गोळी पोटावर येऊन आदळावी तशी. तिनं चाकूनं क्रेकची गोळी उकरून नखानं खरवडली. वर्ख निघाला. आत शिसं.

"हायरमदादा, एकदाच ऐक!" ती रडत होती, पण आवाज खणखणीत होता. "बंदूक दे."

तिनं ठासणीच्या गजाला चिंधी गच्च गुंडाळली, वर खुणेचा दोरा बांधला आणि गज नळीत दाबला. नळीतल्या खाचांना पीळ असतो, त्यानुसार गज फिरू लागला. तळाला टेकेपर्यंत दोऱ्याचा एक फेराही पुरा झाला नाही.

"बघा, पीळ किती सैल! गोळी सावकाश फिरते." तिनं ओकचं बुटकं फळ सपाट दगडावर हळूच गरगरवलं, ते फिरत राहिलं. लांबट खुंटी तशीच फिरवली. ती लगेच कलंडली. "जितकी गोळी लांब, तितका तिला गरगराट जास्त लागतो. शहरातल्या बंदुकांचा पीळ घट्ट असतो. आपल्या बंदुकीत ती हवेतच कोलांट्या खाते."

"चेटकिणीची लेक बोलतेय!" क्रेक गरजला.

"मग चेटकिणीच्याच साच्यातली गोळी घेऊ. तुमची प्रार्थना नको. आणि आई बंदुकीला हात लावून उभी राहील."

हायरमची आणि तिच्या बापाची बंदूक एकाच लोहाराची, एकाच मापाची. लोहारशाळेच्या भट्टीवर शिसं वितळलं, गोळ्या ओतल्या, चरबी लावलेल्या चिंधीत ठासल्या. ऑर्फानं बंदुकीच्या दस्त्यावर हात ठेवला. हायरमनं चाप ओढला. ठिपका फुटला. दुसऱ्यांदाही फुटला. 'आमेन' म्हणायचं कुणालाच सुचलं नाही.

"आता बंधू, लांब गोळीवर तुमची सगळी प्रार्थना म्हणा. आई घरात जाऊन बसते."

क्रेक टाळत होता, पण लोक सरकून जवळ आले. तो पुटपुटला, बार केला. फळीच्या कोपऱ्यात आडवं भोक पडलं. कुणीतरी त्याची थैली उलटी केली. वर्खाच्या गुंडाळीसोबत गोल गोळ्यांचा साचा खाली पडला.

त्यानं खेचराचा लगाम धरला. मांस तेवढं लोकांनी उतरवून घेतलं.

"बाबांनो," डेल्फिया म्हणाली, "बंदूक चुकली तर गोळी तपासा, नळी तपासा. तपासायला एक दुपार पुरली. आज मावळतीपर्यंत तुम्ही माझी आई मारली असती."

हायरम साचा मागायला दारात आला. ऑर्फानं तो दिला.

"मावशी, बायकोचे दिवस भरलेत. येशील ना?"

"येईन," ऑर्फा म्हणाली. तिनं अजून गाठोडं सोडलं नव्हतं. "पण मूल आडवं आलं, तर तेही चेटूकच म्हणणार आहेस का, ते आधीच सांग."