पांढऱ्या पाठींची होडी

शेवटी त्याच्या हाती सुकाणू आलं नाही, खडू आला. हे वाक्य चुकून आधी पडलं. ते तुम्ही वाचलंच नाही असं समजा, कारण गोष्ट सुरू होते तेव्हा ते त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि त्याच्याआधी कुणाला काही कळलेलं त्याला खपत नाही.

त्याला सगळे विद्वान म्हणत. नाव आत्यानं ठेवलं होतं. ते कौतुकानं ठेवलेलं नाही हे कळायला त्याला बरीच वर्षं लागली, यातच काय ते आलं.

आत्याची होडी खाडीच्या या काठावरची माणसं सकाळी त्या काठावर कामाला न्यायची आणि संध्याकाळी परत आणायची. जाण्यायेण्याचं भाडं सकाळीच, एकदम. तिकीट वगैरे भानगड नाही. होडीच्या पुढच्या टोकाचा दोर विद्वानाकडे होता. दोर सोडायचा, दोर बांधायचा, आणि मधल्या वेळात सगळ्यांकडे पाठ करून, आपण सुकाणूवर आहोत अशा थाटात पाण्याकडे बघायचं. हे शेवटचं काम त्याचं त्यानंच अंगावर घेतलं होतं.

"आत्या, सुकाणू कधी देणार?"

"आधी तुझ्या हातून एक काम धड होऊ दे. झालं की सुकाणू तुझं."

काम शोधायला लांब जावं लागलं नाही. फायबरची ती होडी एकेकाळी दुधासारखी होती म्हणे. ऊन आणि खारा वारा खाऊन खाऊन तिचा वरचा थर पिठूळ झाला होता. बोट फिरवलं की बोट पांढरं, टेकून बसलं की पाठ पांढरी. बाकं दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागून, त्यामुळे न टेकता बसायचं तर लाटेशी वैर घ्यावं लागे.

"ही होडी आहे का फळ्याचं डस्टर?" शिंपीकाका रोज विचारत. "मी शिवलेला काळा कोट मीच घालून बसतो, आणि उतरताना गिऱ्हाईक म्हणतं, काका, कापड जुनं वापरलंत."

तेवढ्यात आत्या गुडघा दाखवायला आठवडाभर लेकीकडे गेली. होडी बंद, लोक बसनं पुलावरून. विद्वानानं बाह्या सरसावल्या. फक्त तेवढ्याच जमल्या.

पहिल्या दिवशी त्यानं थेट मेण लावलं. होडी चमकली. त्यानं लांब जाऊन पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, मान तिरकी करून पाहिलं. संध्याकाळपर्यंत पिठानं मेण गिळलं आणि होडी पुन्हा जशीच्या तशी. फक्त आता चिकट. मग त्यानं सूचना वाचल्या. सूचना कामानंतर वाचायच्या असतात, आधी वाचल्या तर त्या कळत नाहीत, असं त्याचं मत होतं.

मेलेला थर आधी काढायचा होता. बारीक पॉलिशपेपर पाण्यात बुडवून तो घासत बसला. दुधाळ पाणी कोपरापर्यंत ओघळत होतं. मग रबिंगची पेस्ट आणि फिरतं मशीन. मशीन चालू करून पेस्ट लावायची नसते. लावून मग चालू करायचं असतं. हे त्याला कळलं तेव्हा पेस्ट त्याच्या भुवयांवर होती. पुढे कितीतरी दिवस गावात सर्वांत चकचकीत भुवया त्याच्याच होत्या.

पण एक चौकोन जमला, अगदी आरशासारखा. होडीत त्याला स्वतःचं तोंड दिसलं आणि त्याला होडीची दया आली. शिवाय त्या एका चौकोनामुळे उरलेली होडी अशी भिकार दिसू लागली की थांबायची सोय राहिली नाही. आठवडा सरता सरता आख्खी होडी आतून-बाहेरून झळकत होती. वरून त्यानं मेणाचे तीन थर दिले. एक पुरतो. पण आयुष्यात पहिल्यांदाच काहीतरी जमत होतं, हात आवरेना.

आत्या आली. काठावर उभी राहिली. डोळ्यांवर हात धरला.

"कुणी केलं हे?"

"मी."

"खरं सांग."

"आत्या, मीच. सुकाणू?"

"संध्याकाळी बोलू," आत्या म्हणाली. तिचा आवाज चक्क मऊ होता. विद्वानानं दिवसभर दोर असा धरला, जणू निरोपाची भेट.

संध्याकाळी त्या काठावर ही गर्दी. आत्या नेहमीप्रमाणे एकेकाच्या मागे जाऊन पाठ बघू लागली. ही तिची रोजची सवय. उतारवयात माणसाला काहीतरी छंद लागतो, असं विद्वान धरून चालला होता. आज मात्र आत्या एका पाठीकडून दुसरीकडे गेली, दुसरीकडून तिसरीकडे, आणि थबकली.

"सकाळी आमच्या होडीनं आलात?"

"म्हणजे काय!"

"तुम्ही?"

"तुमच्याच होडीनं, आत्याबाई," दुसरा म्हणाला. त्याच्या वरच्या खिशातून बसचं तिकीट डोकावत होतं.

पाठी सगळ्यांच्या स्वच्छ होत्या. साऱ्या काठावर एकच माणूस पिठानं नखशिखांत पांढरा होता: गिरणीवाला. तो वर्षानुवर्षं सकाळी बसनं जायचा आणि संध्याकाळी होडीनं फुकट यायचा, याचा उलगडा आत्याला त्या क्षणी झाला. गिरणीवाल्यानं नजर आकाशाकडे वळवली.

"विद्वाना," आत्या हळू म्हणाली. तिच्या हळू आवाजाला घरातली मांजरंसुद्धा भ्यायची. "तू होडी नाही रे पुसलीस. तू माझी तिकिटं पुसलीस."

"मला कुणी सांगितलंच नाही!"

"तू कधी मागं वळून बघितलंस?"

तो खरोखरच कायम पुढे बघत आला होता.

निम्मा गाव फुकट आला. होडी इतकी भरली की पाणी काठोकाठ येऊन आपलं रूप न्याहाळू लागलं. शिंपीकाकांचा कोट काळाभोर राहिला होता. त्यांनी उतरताना खिशातून कापडावर खुणा करायचा खडू काढला आणि विद्वानाच्या तळहातावर ठेवला.

"धर. उद्यापासून सकाळी एकेकाच्या पाठीवर रेघ मार. माझी सोडून."

"आणि सुकाणू?" त्यानं आत्याला विचारलं.

"होडी पहिल्यासारखी पांढरी होईल त्या दिवशी."

त्यानं बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छ. तीन थर मेण. ऊन नुसतं घसरत होतं. घरी येऊन त्यानं कागद घेतला.

"मा. बंदर अधिकारी यांस,

विषय: होडीवरील चमक तातडीने घालवण्याबाबत.

महोदय, उपरोक्त होडीवर सध्या पडणारे ऊन अपुरे असून खाऱ्या वाऱ्याचाही पुरवठा अनियमित आहे. त्यामुळे अर्जदाराची बढती रखडली आहे. तरी सूर्यास आपल्या स्तरावरून योग्य ती समज देऊन, येत्या हंगामापूर्वी सदर होडीवर रविवार व सुट्ट्या धरून जादा वेळ तळपण्याचे लेखी आदेश द्यावेत, व आदेशाची एक प्रत वाऱ्यास माहितीसाठी पाठवावी, ही नम्र विनंती."