डाव्या हाताचे डोंगर

असानकुल मास्तरांनी बिश्केकच्या शाळेत बत्तीस वर्षं भूगोल शिकवला होता. त्यामुळे अल्माटीला जाणं म्हणजे त्यांच्या लेखी पलीकडच्या आळीत जाणं. तरुणपणी तर दोन्ही शहरं एकाच सोव्हिएत देशात होती. आता मध्ये सरहद्द आली, एवढंच. त्यांचा नातू नुकता पावलं टाकू लागला होता. त्याच्या पायांत बांधलेला दोरा कापायचा समारंभ अल्माटीला लेकीच्या सासरी होता. जो दोरा कापतो त्याच्या वळणावर पोर जातं, म्हणून व्याह्यांनी मुद्दाम मास्तरांना बोलावलं होतं.

बसमध्ये मास्तरांनी आधी बायकोला आणि मग आजूबाजूच्या पाच-सहा जणांना शिकवणी दिली. "सरहद्दीवर सगळ्यांनी उतरायचं, चालत पलीकडे जायचं. रिकामी बस मागून येते. आणि बुरुल, तू माझा हात सोडू नकोस. परक्या मुलखात हरवशील."

"अहो, हात धरला तर बोचकी कोण धरणार?" बुरुल म्हणाली.

सरहद्दीवर शिपायाने मास्तरांना विचारलं, कशासाठी चाललात? मास्तरांनी त्याला सरहद्दीचा इतिहास सांगायला घेतला. मागची रांग ओरडू लागली तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. तोवर बुरुल पुढे गेली होती. बाहेर एक पांढरी बस इंजिन सुरू ठेवून उभी होती. मास्तर घाईने चढले, खिडकीची जागा मिळाली म्हणून खूश झाले. बायको मागे बसली असेल असं धरून त्यांनी टोपी डोळ्यांवर ओढली आणि घोरू लागले.

जाग आली तेव्हा बर्फाचे डोंगर डाव्या हाताला होते.

अल्माटीला जाताना डोंगर उजवीकडे हवेत, हे त्यांनी हजारो पोरांकडून घोकून घेतलं होतं. पण आपण चुकलो असू, हे त्यांच्या मनातही आलं नाही. चुकला असेल तर रस्ता! "इथे रस्त्याला मोठं वळण आहे," त्यांनी शेजारच्या बाईला समजावलं. "थोड्या वेळात डोंगर इकडे येतील."

बाईने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "आजोबा, ही बस पश्चिमेला, ताराझला चाललीय. डोंगर कुठेही जाणार नाहीत."

मास्तरांनी मागे वळून पाहिलं. बुरुल नव्हती. फोन काढला, तर तोही मुका. सरहद्दीपलीकडे चालणारं सिमकार्ड घ्या, असं बुरुल दोनदा म्हणाली होती.

ड्रायव्हरने त्यांना एका चहाच्या टपरीशी उतरवलं आणि उलट दिशेला, अल्माटीकडे जाणाऱ्या कांद्याच्या ट्रकवाल्याशी बोलून त्यांची सोय लावून दिली. ट्रकवाला गप्पिष्ट निघाला. "आजोबा, नोकरी काय करायचात?"

क्षणभर मास्तरांना वाटलं, गाणं शिकवायचो म्हणून सांगावं. पण जीभ वळली नाही. "भूगोल शिकवायचो," ते पुटपुटले. ट्रकवाला इतका हसला की त्याला ट्रक कडेला घ्यावा लागला. थोड्या वेळाने मास्तरही हसले. दुसरं करणार काय?

संध्याकाळी ते व्याह्यांच्या दारात पोहोचले तेव्हा कपड्यांना कांद्याचा वास येत होता. बुरुल धावत आली. तिच्या बसने अर्धा तास वाट पाहिली होती. शिपायाने "म्हातारबुवा कधीच पलीकडे गेले" असं सांगितल्यावर ती एकटी निघाली, अल्माटीत उतरून दोन सिटी बस बदलल्या आणि वेळेच्या आधी घरी आली.

"दोरा?" मास्तरांनी विचारलं.

"मी कापला," ती हळूच म्हणाली. "पाहुणे खोळंबले होते. रागावलात?"

"छे! पोराचं नशीब थोर," मास्तर म्हणाले. "मी कापला असता तर घरातल्या घरात हरवलं असतं."

व्याही सेरिक यांनी त्यांना मानाच्या जागी बसवलं, पुढ्यात गरम मांस वाढलं. "व्याहीबुवा, वाटेत नेमकं झालं तरी काय?"

सगळे कान देऊन बसले. बस बंद पडली, असं सांगण्याची चांगली सोय होती. मास्तरांनी बुरुलकडे पाहिलं, बोटं पुसली आणि शिपायाला दिलेल्या धड्यापासून सुरुवात केली.