घामाने पुसलेला नंबर

मित्रांनो, मी एक जुना शिनगार्ड आहे. फुटबॉल खेळताना नडगी फुटू नये म्हणून मोज्याच्या आत बांधतात, तो मी. माझा जुळा भाऊ केव्हाच तडकून कचऱ्यात गेला. मी उरलो, आणि कशाला उरलो असं आज वाटतं आहे.

माझे मालक चौदा वर्षं क्लबच्या बचावफळीत खेळले. सोबती त्यांना 'कुलूप' म्हणत. मी आपला आदराने कुलूपराव म्हणतो. प्रत्येक सामन्याआधी ते माझ्या आतल्या बाजूला पेनाने एक आकडा लिहीत. ज्याला रोखायचं, त्या खेळाडूचा नंबर. "याला सोडायचं नाही," असं पुटपुटत मला करकचून बांधत. सामना संपेपर्यंत घामाने आकडा पुसला जाई. तोवर तो खेळाडूही रडकुंडीला आलेला असे.

पण गोल होऊ न देणाऱ्याचं नाव छापतं कोण? एकदाच छापलं, चेंडू चुकून आपल्याच जाळ्यात गेला तेव्हा. करंडक जिंकल्याच्या फोटोत तर कुलूपरावांचं तोंड नेमकं दुसऱ्याच्या कोपरामागे गेलं. तो फोटो अजून क्लबच्या फाटकाशी टांगलेला आहे.

चेंडू डोक्याने परतवून परतवून त्या डोक्याचा पार भुगा झाला. आधी किल्ल्या विसरल्या, मग मुलीचं नाव. हल्ली ते घरातून निघून जातात. खिशातली चिठ्ठी फेकून देतात, पण मला बांधल्याशिवाय उंबरा ओलांडत नाहीत. म्हणून त्यांची बायको रोज सकाळी माझ्या आत घरचा फोन नंबर लिहिते. "आज याला सोडायचं नाही हं," म्हणते. ते शहाण्यासारखी मान डोलावतात. वाट चुकली की मला पायावरून काढून कुणालाही दाखवतात, आणि लोक फोन करतात.

आज ऊन फार होतं. चालत चालत ते थेट क्लबच्या फाटकाशी आले आणि मटकन बाकावर बसले.

"आजोबा, कुठे राहता?" रखवालदाराने विचारलं.

कुलूपरावांनी मला पुढे केलं. "आज या नंबरला रोखायचं काम माझ्याकडे आहे."

"यात तर काहीच लिहिलेलं नाही."

"असेल हो. नीट बघा ना."

नंबर घामाने पुसला होता. मला तो पाठ आहे, पण मला तोंड कुठे आहे?

"नाव काय तुमचं?"

कुलूपराव मलाच उलटसुलट करून बघू लागले. रखवालदाराने ऑफिसातल्या कारकुनाला बोलावलं. "हे आपल्याकडे खेळायचे का हो कधी?"

कारकुनाने फाटकाशी टांगलेला तो करंडकाचा फोटो न्याहाळला. "छे. यात नाहीत."

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. तुमच्या संघात सगळ्यात मागे कोण उभं असतं, त्याचं नाव एकदा विचारून ठेवा. इथे एकाला जरी ते ठाऊक असतं, तरी तिकडे दारात ताटकळणाऱ्या त्या बाईला एव्हाना फोन गेला असता.