कोपर

"गावाचे हात बसवता, आणि स्वतःचा सदरा बायकोकडून घालून घेता!" हाडवैद्याची बायको बाही ओढता ओढता म्हणाली.

"हळू बोल. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. तीन महिने झाले बांधावरून पडून. तेल लावलं, शेकलं, पट्टा बांधला. हात काही खांद्याच्या वर जाईना. आता तरी जा शहरातल्या त्या व्यायामवाल्या डॉक्टरणीकडे."

न्हाव्याला स्वतःचं डोकं भादरता येत नाही, तशी हाडवैद्याची गत झाली होती. चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक मुरगळलेलं पाऊल, निखळलेलं मनगट त्याच्या पायरीवर आलं होतं. तो शहरात इलाजाला गेला हे कळलं तर पायरीवर कुत्रं फिरकणार नाही. म्हणून त्यानं खांद्यावर रिकामं पोतं टाकलं. कुणी विचारलंच तर बियाणं आणायला चाललोय.

डॉक्टरीणबाई त्याच्या नातीच्या वयाची. तिनं त्याचा खांदा हातात घेतला आणि हळूच फिरवला. कुठं दुखतं ते त्यानं सांगायच्या आधीच तिचं बोट तिथं पोचलं होतं. हाडवैद्य मनात म्हणाला, हात आहे पोरीचा.

"आजोबा, सांधा आखडलाय. जोर नाही करायचा. विहिरीत पोहरा सोडतात तसा हात खाली सोडा आणि झुलवा. मग ही शिडी."

भिंतीवर खाचा पाडलेली लाकडी पट्टी ठोकलेली होती. एकेका खाचेवर बोटं ठेवत हात वर चढवायचा. पहिल्या दिवशी तो चौथ्या खाचेवर अडकला. महिनाभर दर बाजारच्या दिवशी पोतं घेऊन तो येत राहिला, घरी दारामागं तोंड भिंतीकडं करून बोटं चढवत राहिला, आणि सातव्या खाचेला पोचला.

त्या दिवशी बोटं सातव्या खाचेवर होती, कपाळावर घाम होता, आणि मागं ओळखीचा खोकला आला. गावचा कुंभार. उजवा हात कोपरात काटकोनात गोठलेला, दुसऱ्या हातात एक्स-रेच्या फोटोचं पाकीट.

डॉक्टरणीनं फोटो उजेडाला धरला आणि तिचा आवाज चढला. "कोपर चोळलं कुणी? मार लागल्यावर कोपर कधीही चोळायचं नसतं! आतलं मांस सुजलेलं असतं, चोळून चोळून तिथं हाड धरतं. हे बघा, धरलंय. कुणी केलं हे?"

चोराच्या मनात चांदणं. हाडवैद्याची बोटं खाचेवर थिजली. गेल्या हिवाळ्यात एकवीस दिवस, सकाळ-संध्याकाळ, याच बोटांनी ते कोपर तिंबलं होतं. कुंभार ओरडायचा, आणि हा म्हणायचा, "ओरड. ओरडलास म्हणजे सुटतंय."

कुंभारानं त्याच्याकडं पाहिलं. मग खाली पाहिलं.

"कुणी नाही बाई. मीच. अडाणी माणूस, बसलो घरी चोळत."

बाहेर रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. हाडवैद्यानं त्याला गाठलं.

"माझं नाव का नाही घेतलंस?"

"नाव घेऊन कोपर सरळ होतंय का, काका? बाईनं तुम्हाला हाकललं असतं. एक हात माझा गेला, एक तुमचा जायचा. एका गावात दोन थोटे कशाला?" कुंभार हसला, पण हसू ओठाखाली उतरलं नाही. "गावातही हेच सांगत आलोय. तुमचे हात लाल व्हायचे चोळून, ते मी बघितलं होतं. पण माफ केलं असं समजू नका. रांजणाच्या तळाला हात पोचत नाही माझा. नुसत्या झाकण्या करतो आता. झाकण्या! उद्या कुणी कोपर घेऊन आलं तर काय कराल, तेवढं बघा."

पण कुंभाराचा तो 'उद्या' त्याच दिवशी उजाडला. हाडवैद्य घरी पोचला तर पायरीवर सुतार बसलेला, हातात तेलाची वाटी. सोबत धाकटी सून, माळ्यावरून पडलेली. कोपर वांग्यासारखं सुजलेलं.

"वैद्यबाबा, बसवा हिचं."

"चोळायचं नाही. आत्ताच्या आत्ता शहरात ने. फोटो काढ."

"तुम्ही असताना शहर कशाला?"

"मी कोपरं नासवतो म्हणून!" घराच्या आत बायकोच्या हातातलं भांडं पडलं. "कुंभाराचं मीच नासवलं. चोळून. ऐकलंस?"

सुतार उठला. "खांदा चालत नाही तर तसं सांगा की, बाबा. साऱ्या गावाला दिसतंय. त्या गरिबाला कशाला मधे ओढता? त्यानं स्वतःच्याच हातानं वाट लावली, दहादा सांगितलंय त्यानं मला."

"मामंजी," सून हळूच म्हणाली, "जाऊया का शहरात?"

"तू गप. ओढ्यापलीकडं यांचा पुतण्या बसतो. यांचाच चेला. एकवीस दिवसांत मोकळं करतो म्हणे."

भेगाळलेल्या जमिनीवरून दोघं ओढ्याकडं निघाली. हाडवैद्य पायरी उतरून धावला, हाक मारायला गेला तर धापेनं आवाज फुटेना. म्हणून त्यानं त्यांना थांबवायला सवयीनं तोच दुखरा हात वर केला. हात सातव्या खाचेइतका चढला आणि तिथंच राहिला.

वळणावर सुनेनं मागं पाहिलं. म्हातारा आशीर्वाद देतोय असं तिला वाटलं. तिनं चांगल्या हातानं पदर सावरला, मान लववली, आणि सासऱ्यामागून ओढ्यात उतरली.